तीन मोज, मग बोल

दारुड्याचं सोंग करणारे बहुतेक नट एक चूक करतात. ते डुलतात. जीभ जड करतात, खांबाला मिठी मारतात, चप्पल हातात घेतात. लोक हसतात, नाही असं नाही, पण ते हसणं उधारीचं. खरा प्यालेला माणूस डुलत नाही. तो न डुलण्याची शिकस्त करत असतो. पायरी चढण्याआधी पायरीकडे असा बघतो, जणू तिच्याशी त्याचं जुनं भांडण आहे. शब्द नीट यावा म्हणून शब्दाच्या आधी थांबतो. खिशातून दहाची नोट काढताना इतकं जपतो, की वाटावं नोट नाही, अंड्यातून आत्ताच निघालेलं कोंबडीचं पिल्लू आहे.

हे सगळं मला दादानं शिकवलं. आणि दादानं जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. गावच्या देशीच्या दुकानासमोर चहाची टपरी आहे, तिथं तो संध्याकाळी बसायचा आणि बघायचा. "त्यासनी चाल दख," मला म्हणायचा. "त्यासले वाटस, आपन भलता सरय चाली ऱ्हायनूत."

मी अहिराणीत विनोदी कार्यक्रम करतो. अमळनेरपासून थोडं आत, बोरी नदीच्या काठाला आमचं गाव. हळदीच्या रात्री, गणपती मंडळांसमोर, यात्रांमध्ये, आणि २०१६ साली जिओ आलं तेव्हापासून लोकांच्या मोबाइलवर. पोस्टरवर माझ्या नावाखाली 'कॉमेडीचा बादशहा' असं काहीतरी असतं. माय मात्र विचारणाऱ्याला सरळ सांगते, "सोंगं करस." अमळनेर म्हटलं की बाहेरच्या माणसाला साने गुरुजी आठवतात, त्यांनी जिथं शिकवलं ते प्रताप हायस्कूल आठवतं. अगदीच माहितगार असेल तर तो सांगतो, की विप्रो कंपनी १९४५ साली इथंच सुरू झाली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. गुरुजींनी आख्ख्या महाराष्ट्राला रडवलं, म्हणून हसवायचं उरलेलं काम तालुक्यानं आमच्याकडे दिलं असावं, असं मी स्टेजवर म्हणायचो. यावर हशा हमखास.

आमचा हुकमी आयटम होता 'शेवटची एस.टी.'. स्टेजवर दोन खुर्च्या, म्हणजे गाडी. दादा कंडक्टर, मी दारुडा. मामा एस.टी.त कंडक्टर होते. तिकिटांची मशीन आल्यावर त्यांचा जुना चिमटा घरात पडून होता, तो दादानं मागून आणला. खाकी शर्टही त्यांचाच. मी चढायचो, न डुलता. दादा चिमटा टिकटिक वाजवत यायचा.

"कोठे जानं शे?"

"घर."

"कोनतं घर?"

"जठे दार उघडतस, ते."

मग दादा थांबायचा. काहीच करायचा नाही. चेहरा दगडाचा. लोक आधीच हसायला लागलेले असत, पण तो ऐकलंच नसल्यासारखा मनात मोजायचा: एक, दोन, तीन. आणि मग अगदी सरकारी आवाजात म्हणायचा, "तठे गाडी जात नही. उतर."

मांडव पडायचा बाकी राहायचा.

"तीन मोज, मग बोल," हा त्याचा मंत्र होता. ज्याच्या हातात अधिकार असतो तो लगेच बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. फौजदार, मास्तर, बाप, कंडक्टर, सगळे आधी थांबतात. मी मात्र उतावळा. वाक्य सुचलं की तोंडाबाहेर. तमाशात गण-गवळण झाल्यावर बतावणी असते, तिच्यात एक उडतो आणि दुसरा त्याला झेलतो. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कवलापूरच्या काळू-बाळूंना पाहिलं होतं. जुळे भाऊ, दोघेही सोंगाडे. आप्पा सांगायचे, की त्यांच्यात कोण उडतो आणि कोण झेलतो हेच कळायचं नाही. आमचं तसं नव्हतं. आमच्यात उडणारा मी आणि झेलणारा दादा, स्टेजवर आणि घरीसुद्धा. आप्पा गेल्यावर पाच एकर कोरडवाहू, दीड एकर बागायत, मायचं दुखणं, माझं लग्न, सगळं त्यानं झेललं. स्वतःचं लग्न मात्र जमलं नाही. पंचवीसेक मुली बघून झाल्या. शेती करणाऱ्याला कोण देतंय मुलगी? त्यावरही आमचा एक आयटम होता आणि त्यात नवरदेव तोच व्हायचा.

आता दारूचं. आमच्याकडे दारू कोणी पीत नाही. आमच्याकडे 'बसतात'. "बसनं का?" "काल बठेल व्हतूत." चांगला कार्यक्रम झाला की बसायचं, वाईट झाला की बसायचं, बिदागी मिळाली की बसायचं, बुडाली तर बसायलाच पाहिजे. हळदीचे यजमान जेवणाआधी कानात विचारतात, "भाऊ, कलाकारांची व्यवस्था?" या 'व्यवस्था' शब्दात नव्वदपासून खंब्यापर्यंत सगळं येतं. मी तेविसाव्या वर्षी बसायला लागलो आणि बरीच वर्षं मला वाटत होतं, की मी फक्त बसतो.

२०१४ च्या जूनमध्ये पाऊस लांबला होता. मे अखेर ठिबकवर लावलेली कपाशी जगवायची होती. शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात आमची रात्रीची पाळी होती. धरणगावच्या बाजूला हळदीचा कार्यक्रम होता. दादा म्हणाला, तू जा, मी पाणी बघतो. मी एकट्यानं वेळ मारून नेली, नंतर यजमानांची व्यवस्था होतीच, आणि पहाटे पाचच्या सुमारास मोटारसायकल ढकलत दारात आलो. बंद पडली होती की मला चालवता येत नव्हती, ते आता नीट आठवत नाही.

दादा ओट्यावरच्या खाटेवर बसला होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मला बघून काहीतरी म्हणाला. शब्द जड आणि ओले, एकमेकांना चिकटलेले. मग उठला. पाऊल टाकण्याआधी जमिनीकडे बघत थांबला. टाकलं. पुन्हा थांबला. हात खांबाकडे गेला, पण मिठी नाही मारली, नुसती बोटं टेकवली.

मला वाटलं, तो माझी नक्कल करतोय. मी पिऊन आलो म्हणून मला माझंच सोंग दाखवतोय. आणि काय करत होता! इतकी वर्षं मला शिकवणाऱ्या माणसानं आज स्वतः दारुडा करायला घेतला होता आणि तो माझ्यापेक्षा शंभरपट भारी होता. मी खाली मातीत बसलो. मांडीवर थापा मारून हसलो. टाळ्या वाजवल्या. "एक नंबर, दादा," म्हणालो. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, काही न बोलता, आणि मला वाटलं आता तीन मोजतोय.

तेवढ्यात त्याच्या ओठाच्या कडेनं लाळ गळली आणि ती त्यानं पुसली नाही. दादा म्हणजे भाकरीचा कण मिशीला लागला तरी आरशात बघणारा माणूस. आतून माय म्हणाली, रात्री दोनला शेतातून आला तेव्हापासून पोट दुखतंय म्हणत होता, ओवा दिला.

मण्यार होती. हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. मण्यार रात्रीच फिरते, चावते तेव्हा मुंगी चावल्याएवढंही कळत नाही, सूज नाही, दाताचे ठसे शोधावे लागतात. आधी पोट दुखतं. मग तिचं विष नसांवर चालतं. पापण्या पडतात, जीभ जड होते, पाय ऐकत नाहीत, शेवटी श्वास ओढणारे स्नायू थांबतात. म्हणजे बघणाऱ्याला माणूस प्यायल्यासारखाच दिसतो. जीप मिळाली, तालुक्याला सलाईनमधून इंजेक्शन सुरू झालं, जळगावला न्या म्हणाले. पाळधीच्या जवळ त्याची छाती हलायची थांबली. माझा हात तिच्यावर होता.

माझ्या हसण्यात किती वेळ गेला? पाच मिनिटं? दहा? मी डॉक्टरांना विचारलं, की तेवढ्यानं फरक पडला असता का. ते भला माणूस. थोडं थांबून म्हणाले, "सांगता येत नाही." नाही म्हणाले असते तर त्यांचं काही गेलं नसतं. पण खरं तेच बोलले, आणि मी ते तीन शब्द पुढची साडेसात वर्षं सोबत वागवले.

गावात कोणी 'साप चावला' म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच: पान लागनं म्हने. किती हळुवार शब्द आहे. जसं काही चालता चालता वरून झाडाचं पान पडलं आणि अंगाला लागलं. सापाचं नाव घेतलं तर तो पुन्हा येतो, अशी भीती त्यामागे आहे. मला तेव्हा तो शब्द फार आवडला. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याच्यासाठी आपल्या भाषेनं किती मऊ गाद्या करून ठेवल्यात! मीही मग त्यातल्याच एकीवर बसलो.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ऊन चढलं. लोक इच्छा बोलून बघत होते: तुझ्या भावाला आम्ही सांभाळू, मायची काळजी करू नको, शेत पडू देणार नाही. कावळे समोरच्या निंबावर बसून बघत होते. मी म्हणालो, "थांबा जरा. दादा तीन मोजी ऱ्हायना."

चार-पाच जण हसले. न राहवून हसले, तोंडाला पंचा लावून. आणि मला त्या हसण्यानं जी ऊब लागली ना, ती मी कधी विसरणार नाही. दहा दिवसांत पहिल्यांदा छातीवरचा दगड हलल्यासारखं झालं. थोड्या वेळानं कावळा शिवला. लोक म्हणाले, भावानं हसवलं म्हणून गेला. मला मात्र त्या दिवशी वाटलं, की जमलं आपल्याला. रडायची गरज नाही. त्या दिवशीही रडलो नाही आणि नंतरही नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात सारंगखेड्याला कार्यक्रम मिळाला. तापीच्या काठावर दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते, घोड्यांचा बाजार नामांकित. रात्री कडाक्याची थंडी, शेकोट्या, लिदीचा वास आणि रांगेनं बांधलेले शेकडो घोडे. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून करतात, हे मला सहाच महिन्यांपूर्वी कळलं होतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याचं रक्त विषाला पुरून उरायला शिकतं, आणि त्या रक्तातून माणसाला वाचवणारं पाणी काढतात. मी एका पांढऱ्या घोडीसमोर बराच वेळ उभा राहिलो. मालकाला वाटलं गिऱ्हाईक आहे.

स्टेजवर 'शेवटची एस.टी.' एकट्यानं केली. दोन्ही आवाज माझेच. "जठे दार उघडतस, ते," म्हणालो आणि दादाच्या जागेवर थांबलो. एक, दोन, तीन. चार झाले, पाच झाले. कंडक्टर बोलेना. मला त्याचं वाक्य येत होतं हो, पण ते बोलायचं म्हणजे रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायचं. मी दारुडाच राहिलो, रिकाम्या खुर्चीकडे बघत. आणि लोक हसायला लागले. आधी थोडे, मग सगळे. त्यांना वाटलं हाच विनोद आहे: दारुडा रिकाम्या गाडीत कंडक्टरशी बोलतोय. त्या रात्रीपासून आयटम तसाच ठरला. पुढे तो कोणीतरी मोबाइलवर काढला, आणि त्याला इतके लोक बघतील असं कोणाला वाटलं नव्हतं. दुबईतून एका नंदुरबारच्या माणसाचा फोन आला, म्हणाला भाऊ, हसून हसून डोयामा पानी उनं.

तो आयटम करायला मला आधी थोडी लागायची. मग जास्त लागायला लागली. मग कार्यक्रम नसला तरी. पुढची पाच-सहा वर्षं लांबवण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरात कोणी पिणारं आहे त्याला सगळं पाठ आहे. मायनं जे करायचं ते सगळं केलं. पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली. मी बसण्याआधी माळ काढून खुंटीला लावायचो, दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पुन्हा घालायचो. विठ्ठलाला फसवतोय असं कधी वाटलं नाही, उलट मान ठेवतोय असं वाटायचं. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते ना, 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत', तिथूनही माय पुड्या घेऊन आली. माझी बायको अंगणवाडी सेविका. तिनं त्या पुड्या चुलीत टाकल्या. तिला कोणीतरी सांगितलं होतं, की दारू सोडण्याच्या गोळ्या असतात, पण त्या घेतल्यावर कोणी प्यायला तर जिवावर बेततं, त्यामुळे घेणाऱ्याला माहीत असल्याशिवाय द्यायच्याच नसतात. नकळत सुटायला ती काय दाढ आहे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकानं बंद झाली. माझ्याजवळचा साठा दोन दिवसांत संपला. तिसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले, की चहाचा कप बशीवर नाचायचा. रात्री भिंतीवरून मण्यारी उतरताना दिसल्या, चमकदार काळ्या, अंगावर पांढरे पट्टे. मग फिट आली. बायकोनं पोलिसांच्या हातापाया पडून गाडी मिळवली. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर तीही जीव घेऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या हाताखाली सोडावी लागते, हे मला तेव्हा कळलं. कळून काय उपयोग? मे महिन्यात दुकानं उघडली आणि रांगेत मी पहिल्या दहात होतो.

नोव्हेंबर २०२१. बायकोचे दिवस भरले होते. आमच्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती, दोनदा राहून गेलेलं होतं, त्यामुळे माय तिच्या उशाशीच. मला सांगितलं, बाहेर थांब. मी थांबलो. दवाखान्यासमोर परमिट रूम होती, तिथं थांबलो. पोरगी झाल्याचा फोन आला तेव्हा मला आनंद झाला, खरंच झाला, आणि आनंद झाला म्हणून आणखी एक घेतली. मग जिलबीचा पुडा घेऊन निघालो.

त्या लांब पॅसेजमध्ये मी न डुलता चाललो. पायरीकडे नीट बघितलं. पाऊल टाकण्याआधी थांबलो. समोरून दोन नर्सबाई येत होत्या, त्यातली एक ओरडली, "अगं, हे ते एस.टी.वाले दारुडे!" दुसरीनं मोबाइल काढला. वॉर्डबॉय आला, पेशंटचे नातेवाईक आले. मी पुडा छातीशी धरून न पडण्याची शिकस्त करत होतो आणि सगळे हसत होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "एक नंबर, भाऊ!"

पॅसेजच्या टोकाला माय उभी होती. हातात दुपट्यात गुंडाळलेली माझी लेक. ती हसत नव्हती. मी जवळ गेलो तसं तिनं बाळ माझ्यापासून थोडं वळवून धरलं आणि हळू म्हणाली, "तुना भाऊ बी असाच उभा व्हता."

त्याच दिवशी दारू सोडली असती तर ऐकायला बरं वाटलं असतं. सोडली नाही. आणखी नऊ आठवडे प्यायलो, आणि आधीपेक्षा जास्त. जानेवारी २०२२ मध्ये एका सकाळी बायको बाळाला घेऊन माहेरी निघाली. भांडण नाही, रडणं नाही. बॅग भरून ओट्यावर बसली आणि म्हणाली, गाडी साडेदहाची आहे, त्याआधी काही बोलायचं असेल तर बोला. मी म्हणालो, मला ॲडमिट करा.

व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे होतो. पहिला आठवडा औषधांवर. पुढचे चार आठवडे सकाळी प्रार्थना, योगासनं, मग गटात बोलणं, जे मला योगासनांपेक्षा जड जायचं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, त्याला पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीचा आधार होता, ही गोष्ट मला तिथल्याच एका समुपदेशकांनी सांगितली. आमचं केंद्र वेगळं, पण मला ती फार लागली. उभा महाराष्ट्र हसवून जमलेला पैसा एका विनोदी माणसानं या कामाला लावला होता. मीही हसवून पैसा कमावला होता. तो कुठं लावला ते सगळ्यांना माहीत आहे.

एका शनिवारी करमणुकीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी धरलं, दारुडा कर. केला. समोर चाळीस प्रेक्षक, आणि एकेक जण जाणकार! रावेरचा एक केळीचा व्यापारी मध्येच म्हणाला, "भाऊ, हे क्वार्टरनंतरचं झालं. नव्वदला पाय असा पडत नाही." एका निवृत्त मास्तरांनी जिभेच्या उच्चाराबद्दल शंका काढली. इतकं कसून परीक्षण माझं आजवर झालं नव्हतं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण मी दादाच्या जागेवर येऊन थांबलो तेव्हा एक जणही हसला नाही. एक, दोन, तीन, चार. चाळीस माणसं गप्प. मास्तरांनी विचारलं, "तिथं कोण होतं?"

बाहेर आल्यावर जळगावला ए.ए.च्या मीटिंगला जायला लागलो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस. अनामिक राहायचं ठिकाण, आणि मी आत शिरल्या शिरल्या दोघांनी मला ओळखलं. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात ही गोष्ट सुरू झाली: एक न्यूयॉर्कचा शेअर दलाल आणि एक तिथलाच सर्जन, दोघेही पार बुडालेले, समोरासमोर बसून बोलले. दलालाला कळलं होतं, की दुसऱ्या दारुड्याशी बोललं की आपली तलफ टळते. मला हे ऐकून वाटलं, ही तर आपलीच बतावणी. एक पडतो, एक झेलतो, आणि उद्या पाळी बदलते.

पहिल्यांदा बोलायला उभा राहिलो आणि दहा मिनिटं नुसता हशा. माळेचा किस्सा, रांगेचा किस्सा, जिलबीचासुद्धा. खाली बसलो तर अंग हलकं. चहाच्या वेळी एक काका जवळ आले. वीस वर्षं न प्यालेले, रेल्वेतून निवृत्त. म्हणाले, "कार्यक्रम झकास झाला. पुढच्या शनिवारी बोला."

पुढच्या शनिवारी मी उभा राहिलो आणि तीन मोजले. मग म्हणालो, "मी दारुडा आहे. माझ्या भावाला साप चावला होता आणि मी हसत होतो." एवढं बोलायला मला पावणेआठ वर्षं लागली. कोणी 'अरेरे' केलं नाही, कोणी समजूत घातली नाही. काकांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ३ मे २०२२ ला, दादाची घागर मी भरली. आमच्याकडे आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. निंबाला झोके, गौराईची गाणी, आमरस-पुरणपोळी, आणि गल्लोगल्ली पत्त्यांचे डाव. सालदाराचं सालही याच दिवशी सुरू होतं. पण सकाळ असते पितरांची. नवी घागर पाण्यानं भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबा ठेवायचा, नाव घ्यायचं. सात आखाज्या हे मायनं केलं, कारण तिचा धाकटा त्या वेळी कुठंतरी बसलेला असायचा. म्हातारीनं थोरल्याची घागर भरायची, हा उलटा हिशेब तिनं सात वर्षं चालवला आणि कोणाला बोलून दाखवला नाही. मी पाणी ओतलं. कोरं मडकं पाणी पिताना बारीक सूं असा आवाज करतं. मी नाव घ्यायला तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते नाव नव्हतं. शेजारच्या आळीतले लोक धावत आले. त्यांना वाटलं आज कोणी गेलं.

दारूनं दुःख विसरतं म्हणतात. लोणच्याची बरणी आठ वर्षं फडक्यानं बांधून ठेवली म्हणून कैरी नाहीशी होते का? मुरते. त्या उन्हाळ्यात मी रोज रडायचो. बैलाला पाणी दाखवताना, दाढी करताना, लेकीला झोपवताना. बायको म्हणाली, पीत होता तेव्हा एवढा त्रास नव्हता. अर्धी थट्टा होती.

कार्यक्रम पुन्हा सुरू केले. 'शेवटची एस.टी.' एकदाच केली, पारोळ्याकडच्या एका मंडळात, फर्माईश आली म्हणून. संयोजक नंतर म्हणाले, "भाऊ, पहिल्यासारखी मजा नाही." खरं आहे ते. न पिता दारुडा करताना माझं लक्ष सारखं रिकाम्या खुर्चीकडे जात होतं. आता दुसरे आयटम करतो. बिदागी पूर्वीच्या निम्मी आहे, आणि 'व्यवस्था' नको म्हटल्यावर काही यजमानांना अपमान वाटतो.

लेक आता चार वर्षांची आहे. आजीच्या संगतीनं अहिराणी बोलते, अंगणवाडीत मराठी. मध्यंतरी आजीच्या मोबाइलवर तिला तो जुना व्हिडिओ सापडला. मला माहीत नव्हतं. आमची ओसरीतली दुपार, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीसची उन्हं, आणि ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर आली.

"पप्पा, तू असा काब चाली ऱ्हायना?"

माझ्या तोंडात चार उत्तरं तयार होती. चारीही मजेशीर. मी मोजले.

"तवय मी दारू पियेल व्हतू."

"आनि आते?"

"आते नही."

"सकाय?"

"सकायनं माले माहीत नही. आज नही."

तिला यात काही विशेष वाटलं नाही. तिचं लक्ष चिमट्याकडे होतं. मामांचा तो चिमटा दादाच्या पेटीतून तिनं कधीच पळवला आहे. घरातल्या सगळ्या कागदांना भोकं आहेत, माझ्या आधार कार्डाच्या झेरॉक्सलासुद्धा. तिनं मला ओट्यावरच्या खाटेवर बसवलं. तीच खाट, फक्त नवार बदललेली. खाट म्हणजे गाडी. आजीची ओढणी खांद्यावरून तिरकी घेतली, तो कंडक्टरचा पट्टा. चिमटा टिकटिक वाजवत आली.

"कोठे जानं शे?"

"घर."

"कोनतं घर?"

मला पुढचं वाक्य येत होतं. पंधरा वर्षं बोलत आलोय. पण ते म्हणावंसं वाटेना, आणि दुसरं काही सुचेना. मी थांबलो. एक, दोन,

"तिकीट नही ना?" ती म्हणाली. तिला कुठली दम धरायची सवय! "मंग उतर."

मी उतरलो. मागे माय तिच्या पाळीची वाट बघत उभी होती, हातात भोकं पडलेलं वर्तमानपत्र घेऊन.